शिगाराकीची दोन महिन्यांची रेसिडेन्सी: कुंभाराघरच्या पोरीचा सविस्तर रिव्ह्यू

जपानला शिगाराकीच्या रेसिडेन्सीत, म्हणजे कलाकारानं राहून काम करायच्या जागी, दोन महिने जाऊन नेमकं काय केलंस, पैसे वसूल झाले का, आपल्यासारख्यांनी अर्ज करावा का, असं इतक्या जणांनी विचारलंय की एकेकाला व्हॉट्सॲपवर उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकते. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी कोल्हापूरची, कुंभाराघरची. अण्णा (माझे वडील) आणि भाऊ गणपती करतात, उन्हाळ्यात माठ, आषाढात बेंदराचे बैल. मी पुण्यात जाऊन स्टुडिओ पॉटरी शिकले, म्हणजे स्टोनवेअर, १२०० डिग्रीच्या वर भाजायचं काम, आणि आता क्लास घेते. घरातली माती वेगळी आणि माझी वेगळी, घरचा आवा वेगळा आणि माझी गॅसची भट्टी वेगळी, असं बरीच वर्षं चाललेलं होतं. अण्णांना माझं काम आवडत नाही असं नाही, पण ते भांडं हातात घेऊन वाजवून बघतात आणि "चांगलं हाय" म्हणून खाली ठेवतात, त्यापलीकडं बोलणं जात नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर जागा म्हणजे शिगाराकी सेरॅमिक कल्चरल पार्क. जपानच्या शिगा प्रांतात कोका नावाचं शहर आहे (निन्जांचं कोगा म्हणतात ते हेच), त्याच्या डोंगरात शिगाराकी हे कुंभारांचं गाव. जपानमध्ये मध्ययुगापासून आजपर्यंत न थांबता चालू असलेली सहा जुनी भट्टीगावं मानतात, शिगाराकी, बिझेन, तांबा, एचिझेन, सेतो आणि तोकोनामे, आणि २०१७ साली या सहांना मिळून तिथल्या सरकारनं जपानचा वारसा म्हणून जाहीर केलं. पार्क सुरू झालं १९९० मध्ये आणि बाहेरच्या कलाकारांना बोलावून, राहायला देऊन काम करू द्यायचा कार्यक्रम १९९२ पासून चालू आहे. दोन प्रकारे जाता येतं. एक म्हणजे गेस्ट आर्टिस्ट, त्यांना पार्क स्वतः बोलावतं. दुसरे स्टुडिओ आर्टिस्ट, म्हणजे अर्ज करायचा, आधीच्या कामाचे फोटो पाठवायचे, निवड झाली की पैसे भरून राहायचं आणि काम करायचं. मी दुसऱ्या प्रकारातली. फीचे आकडे इथं देत नाही, ते बदलतात, त्यांच्या साइटवर बघा. पण एक सांगते, स्टुडिओ आणि खोलीपेक्षा मला माती, भाजणी, विमान आणि खाणं याला जास्त लागले, आणि माल घरी आणायचा खर्च तर मी धरलाच नव्हता.

पोचायचं कसं? क्योटोहून जेआर रेल्वेनं कुसात्सू, तिथून गाडी बदलून किबुकावा, आणि किबुकावाहून शिगाराकी कोगेन रेल्वे, डिझेलवर चालणारी छोटीशी गाडी, एकूण १४.७ किलोमीटरची लाइन. जंगलातून चढत चढत जाते. मी बसले त्या डब्यात पाच माणसं होती, त्यात दोन शाळेची पोरं. शिगाराकी स्टेशनवर उतरलं की समोर दोन मजली घराएवढा तानुकी उभा असतो. तानुकी म्हणजे तिकडचा एक रानटी प्राणी, दिसायला कुत्रा आणि आपलं उदमांजर यांच्या मधला, आणि गावभर, दुकानांपुढं, पुलांवर, बँकेच्या दारात, हजारोंनी त्याचे पुतळे. डोक्यावर टोपी, हातात दारूची बाटली आणि उधारीची वही, पोट सुटलेलं. प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे, टोपी म्हणजे अचानक येणाऱ्या संकटापासून रक्षण, वही म्हणजे विश्वास, असे आठ गुण मानतात. १९५१ साली सम्राट हिरोहितो गावात आले तेव्हा लोकांनी रस्त्याच्या दोन्ही कडांना तानुकींच्या हातात झेंडे देऊन त्यांना रांगेत उभं केलं होतं, सम्राटांनी त्यावर कविता केली, आणि तिथून तानुकी देशभर प्रसिद्ध झाला. मला पहिल्याच दिवशी हे बघून घरच्यासारखं वाटलं, कारण गणपतीच्या आधी आमच्या गल्लीत असंच असतं, दारात, जिन्यात, रस्त्याच्या कडेला, जिथं जागा मिळेल तिथं ओळीनं मूर्ती.

स्टेशनवरून चढ चढत वीसेक मिनिटं चाललं की पार्क येतं. डोंगराच्या उतारावर पसरलेलं आहे, वर आधुनिक सेरॅमिकचं म्युझियम, बाजूला स्टुडिओची इमारत, भट्ट्या, राहायच्या खोल्या. खोली साधी, स्वच्छ, एका माणसाला पुरेशी. स्वयंपाक आपला आपण. स्टुडिओमध्ये मी होते तेव्हा सात-आठ देशांची माणसं होती, कुणी इमारतीएवढं काहीतरी उभं करतंय, कुणी नखाएवढे मणी.

सोयींबद्दल मी तासभर बोलू शकते पण थोडक्यात सांगते. इलेक्ट्रिक भट्ट्या, गॅसच्या भट्ट्या लहानमोठ्या सगळ्या मापांच्या, आणि लाकडावरच्या अनागामा आणि नोबोरीगामा. अनागामा म्हणजे एकच लांब बोगद्यासारखी खोली, नोबोरीगामा म्हणजे उतारावर एकापुढं एक खोल्या चढत गेलेल्या, खालच्या खोलीची आच वरच्या खोलीला मिळते. चाकं बहुतेक शिंपो कंपनीची, आवाज नाही. एक लक्षात ठेवा, जपानी कुंभार चाक घड्याळाच्या दिशेनं फिरवतात आणि मी पुण्यात शिकले ते उलट्या दिशेनं. चाकाला बटण आहे, दिशा बदलता येते, पण मी मुद्दाम आठवडाभर त्यांच्या दिशेनं काम केलं. हाताला सगळं नव्यानं शिकवावं लागतं. डावा हात जिथं आपोआप जायचा तिथं आता उजवा हवा. चौथ्या दिवशी साधा ग्लास सरळ उभा राहिला तेव्हा फार बरं वाटलं.

आता मातीचं सांगते, कारण शिगाराकीला जायचं ते मातीसाठी.

जपानमधलं सगळ्यात मोठं सरोवर बिवा, ते चाळीस लाख वर्षांपूर्वी आज आहे तिथं नव्हतं, दक्षिणेकडं इगाच्या बाजूला होतं आणि हळूहळू उत्तरेला सरकत गेलं. जाताना मागं तळाचा गाळ सोडून गेलं, तीच ही माती. त्यात दोन नावं सारखी ऐकू येतात. एक किबुशी, म्हणजे लाकडाची गाठ, कारण त्या मातीत कुजून कोळसा झालेल्या लाकडाचे तुकडे असतात. दुसरी गाइरोमे, म्हणजे बेडकाचा डोळा, कारण माती ओली झाली की त्यातले गारगोटीचे कण बेडकाच्या डोळ्यासारखे चकाकतात. इतकं नेमकं नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी ती माती किती वेळ हातात धरून बघितली असेल! ही माती चिवट आहे, तरीही खरखरीत आहे, म्हणून मोठं भांडं उभं राहतं. एके काळी देशभरातल्या घरांत शेकायला जी कोळशाची भांडी असायची, हिबाची, त्यातली पुष्कळशी इथून जायची, मग गॅसचे आणि विजेचे हीटर आले, हिबाची गेली, आणि गावानं कुंड्या, टाइल, न्हाणीचे टब असं करत स्वतःला टिकवलं. १९७० च्या ओसाका एक्स्पोमधला सूर्याचा मनोरा फोटोत बघितला असेल, त्याच्या पाठीवर जो काळा सूर्य आहे तो शिगाराकीच्या टाइलांचा.

मातीच्या दुकानात जाऊन मी सगळ्यात खरखरीत माती मागितली, वीस-वीस किलोच्या गोण्या. खोलून मळायला घेतली तर तळहाताला खडे टोचायला लागले, काही तर हरभऱ्याच्या डाळीएवढे. रात्री घरी व्हिडिओ कॉल लावला (आपल्यापेक्षा तिकडं साडेतीन तास पुढं, तर घरी जेवायची वेळ), अण्णांना कॅमेऱ्यात गोळा दाखवला. अण्णा चष्मा लावून जवळ आले.

"त्यात खडं किती हायती गं! चाळून न्हाई व्हय घेतली?"

म्हटलं, अण्णा, हे मुद्दाम ठेवतात. खडे भाजताना वितळतात, पांढरे मण्यासारखे बाहेर येतात, त्यालाच तर किंमत आहे, त्याला इशिहाझे म्हणतात, दगड फुटून वर आलेला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्यात ठिवलं तर फुटंल. आपल्यात चुनखडी हाय." आणि अगदी बरोबर आहे ते. आपल्या मातीत चुनखडीचा बारीक खडा राहिला तर आव्यात त्याचा चुना होतो, नंतर हवेतला ओलावा ओढून तो फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो, म्हणून आमच्या घरी माती भिजवून, गाळून, चाळून, पुन्हा तुडवून घेतात, आणि लहानपणी खडे वेचायचं काम माझंच होतं. तिकडचा खडा फेल्डस्पार नावाच्या दगडाचा, तो फुटत नाही, वितळतो, आणि तोही १२०० च्या वर गेल्यावर. आपला आवा आठशे-नऊशेच्या आसपास. म्हणजे हाच खडा आपल्या आव्यात घातला तर तसाच दगड राहील. हे मला पुस्तकातून माहीत होतं, अण्णांना हातातून माहीत होतं, आणि आम्ही पहिल्यांदा एका मातीवर बसून अर्धा तास बोललो. माझ्यासाठी इथंच अर्धे पैसे वसूल झाले.

मळण्याबद्दलही सांगायला हवं. तिकडं किकुनेरी म्हणून पद्धत आहे, गोळा असा फिरवत दाबायचा की शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या घड्या पडतात, आत हवा राहत नाही. म्हण आहे त्यांची, माती मळायला तीन वर्षं, चाकाला दहा. आमच्याकडं माती पायानं तुडवतात, ती मला येते, तर मी एक दिवस स्टुडिओच्या बाहेर प्लॅस्टिक अंथरून पायानं तुडवून दाखवली. टाच कुठं द्यायची, गोल कसं फिरायचं. आमचे टेक्निशियन काका (साठीचे, फार कमी बोलणारे) बघत उभे राहिले, मग शूज काढून स्वतः चढले.

आता वर्कशॉपचं, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न त्याबद्दल आलेत. मी गेले तेव्हा असं डोक्यात होतं की आपण शिकायला चाललोय, आपण काय शिकवणार. पण रेसिडेन्सीत आलेल्या कलाकारांनी गावातल्या लोकांशी काहीतरी करावं अशी सगळ्यांचीच इच्छा असते, आणि ओळखीनं ठरलं की गावातल्या कोमिन्कानमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या समाजमंदिरासारखा हॉल, मी दोन शनिवार सकाळी वर्कशॉप घ्यायचं. विषय काय? स्टोनवेअरचं त्यांना काय नवल, सातशे-आठशे वर्षं करतायत. म्हणून मी बेंदराचे बैल ठरवले.

ज्यांना बेंदूर माहीत नाही त्यांच्यासाठी, पोळा ऐकलाय ना, तसाच आमच्याकडं आषाढात बेंदूर. बैलांना रंगवतात, मिरवतात, आणि घरात पूजेला मातीचे बैल लागतात. ते कुंभार घरोघर पोचवतो आणि त्या बदल्यात धान्य मिळायचं. आता पैसे मिळतात. बैल साचा न वापरता हातानं करायचा, अण्णा एक बैल तीन मिनिटांत करतात. एक वळी घ्यायची, दोन्ही टोकं चिमटून खाली वाकवायची म्हणजे चार पाय, एका बाजूनं मान उचलायची, वशिंड बोटानं वर ओढायचं, शिंगं शेवटी. वशिंड महत्त्वाचं, त्यावरून तर तो आपला बैल वाटतो.

पहिल्या शनिवारी एकवीस माणसं आली. सगळ्यात लहान मुलगी सहा वर्षांची आणि सगळ्यात मोठे आजोबा ब्याऐंशी वर्षांचे, जे तरुणपणी हिबाचीच्या कारखान्यात होते. माझं जपानी म्हणजे दुकानात चालेल एवढंच, भाषांतराला एक कॉलेजची मुलगी होती पण तिची गरज पहिल्या दहा मिनिटांनंतर फारशी पडली नाही. मी हात दाखवला, त्यांनी हात बघितला. पोरांनी पाय जाड केले, आयांनी शिंगं फार नाजूक केली. त्या गावात माती न हाताळलेला माणूस नाही, त्यामुळं कुणाचाही बैल पडला नाही. पण वशिंड कुणालाच जमेना! त्यांनी तसा बैल बघितलेलाच नाही, तिकडची गुरं पाठीला सपाट. सगळे वशिंड म्हणून वर एक गोळी चिकटवत होते आणि ती टोपीसारखी दिसत होती. मी परत परत दाखवत होते की वरून चिकटवू नका, आतली मातीच वर ओढा. तेव्हा ते आजोबा उठले, माझ्याकडून बैल घेतला, डोळे मिटले, अंगठा आणि दोन बोटं, एकदाच ओढलं, आणि वशिंड आलं, किंचित एका बाजूला झुकलेलं, जसं खऱ्या बैलाचं असतं तसं. मी फोनवर अण्णांच्या बैलाचा फोटो काढून त्याच्या शेजारी धरला. भाषांतराच्या मुलीनं मला आजोबांचं बोलणं सांगितलं ते असं, की हिबाचीचा काठ ते असाच ओढायचे, माती वरून लावली की भाजताना सुटते.

हेच वाक्य अण्णांच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकलंय.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी मला शिकवलं. हे ठरलेलं नव्हतं. आजोबा आणि दोन आजी स्वतःची हत्यारं घेऊन आले, बांबूच्या पट्ट्या, लाकडी थापट्या, त्यातली एक तर आमच्या घरच्या चोपण्याची बहीण शोभेल अशी. मोठा रांजण एका दमात उभा करत नाहीत, खालचा भाग करायचा, तो थोडा कडक होऊ द्यायचा, मग वरचा भाग जोडायचा, हे मला माहीत होतं, पण कडक म्हणजे किती हे माहीत नव्हतं. आजींनी माझं बोट धरून कडेवर दाबलं. ठसा उठतो पण माती बोटाला लागत नाही, एवढं. मी घाई करून आधी जोडलेला एक रांजण सांध्यावर तडकलेला होता, तो त्यांना दाखवला, त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं आणि लगेच मान हलवली. कागदावर लिहून घेता येत नाही हे, त्यासाठी जावंच लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, रेसिडेन्सीला गेलात आणि गावातल्या लोकांबरोबर काही केलं नाहीत तर अर्धंच मिळालं समजा. भट्टी जगात कुठंही मिळेल, ते बोट धरून दाबणं नाही मिळणार. आणि जाताना आपल्या घरचं, गावचं काहीतरी हातात घेऊन जा, इंटरनेटवर शिकलेलं नको, जे आजी-आजोबा करत होते ते. तिथले लोक फार लक्ष देऊन बघतात.

अनागामाची भाजणी ऑक्टोबरच्या शेवटी झाली, आम्ही पाच जणांनी मिळून केली, तीन दिवस आणि तीन रात्री. लाकूड लाल पाइनचं, चिरून सुकवलेलं. भांडी लावायलाच दीड दिवस गेला कारण ज्वाळा कुठून येणार, राख कुठं बसणार, हे सगळं लावतानाच ठरतं. प्रत्येक भांड्याखाली अल्युमिनाच्या (ही पूड त्या आचेला वितळत नाही) गोळ्या ठेवायच्या नाहीतर राख वितळून भांडं फळीला चिकटतं. शिगाराकीत ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, न लावता भाजतात ते याचसाठी, लाकडाची राख उडून भांड्यावर बसते, १२५० च्या वर वितळते आणि हिरवट काचेसारखी ओघळते. त्या ओघळाला बिदोरो म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज आहे, विद्रो म्हणजे काच. आपल्याकडं चावी, पगार, बादली हे ज्या जहाजांतून आले त्याच जहाजांतून तिकडं हा गेला, हे कळल्यावर मला त्या गावाबद्दल आणखीच आपुलकी वाटली.

दुसऱ्या रात्री, माझी पाळी रात्री दहा ते पहाटे चार, तापमान ११६० वर अडकलं. मी आणि एक कोरियन मुलगी, आम्ही लाकूड घालतोय, घालतोय, आणि काटा खाली येतोय. घाबरून आणखी घातलं. धूर काळा, चिमणीतून ज्वाळा, आणि काटा ११३०. काकांना उठवलं. ते आले, लाकडाकडं बघितलंच नाही, खाली वाकून भट्टीच्या तळाची छोटी भोकं उघडली, आत निखाऱ्याचा ढीग गच्च झाला होता, हवाच जात नव्हती. हातानं खूण केली, थांबा. पंचवीस मिनिटं काही घालू दिलं नाही. नुसतं बसून आवाज ऐकायचा. भट्टीचा आवाज बदलतो, आधी गुदमरल्यासारखा असतो, मग श्वास घेतल्यासारखा येतो, आणि मग काटा आपोआप चढायला लागतो. पहाटेपर्यंत १२२०. तेव्हापासून पुण्यात क्लासमध्येही मी हेच सांगते, अडलं की आधी हवा बघा.

पाच दिवस थंड करून उघडली. माझ्या छत्तीस वस्तूंपैकी एकतीस चांगल्या निघाल्या, त्यात एक रांजण असा आला की एका बाजूला केशरी, ज्याला ते हीइरो म्हणजे आगीचा रंग म्हणतात, आणि दुसऱ्या बाजूला हिरवा ओघळ खांद्यावरून बुडापर्यंत, आणि मध्ये पांढरे खडे चांदण्यांसारखे. वर्कशॉपचे बैलही त्यातच भाजले होते. आजोबांच्या बैलाच्या वशिंडावर नेमकी राख बसून हिरवा टिळा आला. तो परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी घेतला नाही, वडिलांना द्या म्हणाले.

बाकी गोष्टी भराभर सांगते. थंडी, नोव्हेंबरात पहाटे बोटं वाकत नाहीत, डोंगरातलं गाव आहे, थर्मल घेऊन जा. खाणं, मी मांसाहारी म्हणून अडलं नाही, पण शाकाहारी असाल तर हॉटेलात जवळपास सगळ्यात माशाचा दाशी, म्हणजे त्यांचा पातळ रस्सा, असतो, स्वतः करून खायची तयारी ठेवा, आणि कांदा-लसूण चटणी न्याच, मी दोन किलो नेली होती ती महिन्यात संपली कारण स्टुडिओतल्या सगळ्यांना पाहिजे होती. गावातली दुकानं लवकर बंद होतात, संध्याकाळी सहानंतर शांत. एकटेपणा ज्यांना झेपत नाही त्यांनी विचार करून जा, दिवाळी तिकडं काढणं मला जड गेलं, खोलीच्या खिडकीत स्वतः केलेल्या चार पणत्या लावल्या आणि घरच्यांशी बोलून झोपले. असामिया नावाची चहाची जुनी वाडी शिगाराकीतच आहे, तो चहा प्या. मिहो म्युझियमही त्याच डोंगरात, आय. एम. पेई यांनी बांधलेलं, १९९७ चं, बरंचसं जमिनीखाली, एक सुट्टीचा दिवस त्याला द्याच. ऑक्टोबरात गावात भांड्यांची जत्रा असते, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला पार्कमध्येच कुंभारांचा मोठा बाजार भरतो, तेव्हा गेलात तर एका दिवसात सगळ्यांचं काम बघायला मिळतं.

दोन महिन्यांपेक्षा कमी जाऊ नका. एक महिना माती ओळखण्यातच जातो, मोठं भांडं सुकायला वेळ लागतो, आणि लाकडावरच्या भाजणीच्या तारखा आधी बघून त्याप्रमाणं अर्ज करा. तयार मालाचं प्रदर्शन करायचं ठरवून जाऊ नका, जीव घाबरा होतो आणि शिकणं राहून जातं.

तक्रार एकच, आणि तिचा पार्कशी काही संबंध नाही. माल भारतात पाठवायला मी एका कुरिअर एजंटला गाठलं, नाव लिहीत नाही, त्यानं पॅकिंगसकट सगळं करतो म्हणून घसघशीत पैसे घेतले आणि बावीस वस्तूंपैकी नऊ फुटून आल्या, केशरी-हिरव्या रांजणाचा गळा गेला. इन्शुरन्सचं विचारलं तर हस्तकला त्यात धरत नाही म्हणे. हे आधी सांगायला नको? मला आजही त्याचा राग आहे. तुम्ही जाल तेव्हा पॅकिंग स्वतः करा, तिथं स्टुडिओत कुंभार लोक कसं बांधतात ते बघून शिका, एका खोक्यात दुसरं खोकं आणि मध्ये चार बोटं भरण, आणि इन्शुरन्सच्या कागदावर काय धरलंय काय नाही ते वाचून मगच सही करा. ज्यांच्यावर जीव आहे अशा दोन-चार वस्तू हँडबॅगेत.

तर स्टार किती? रेसिडेन्सीला पाचपैकी पाच. खर्चामुळं सगळ्यांना जमेल असं नाही म्हणवत, मी तीन वर्षं पैसे साठवले, आणि ज्यांना जमत नसेल त्यांनी अशा जागांच्या स्कॉलरशिपकडं, बोलावण्यांकडं लक्ष ठेवा, अर्ज करायला भिऊ नका, इंग्रजी साधं असलं तरी चालतं, कामाचे फोटो चांगले काढा.

बैल हँडबॅगेतून आला, एका शिंगाचं टोक सोडलं तर धड. अण्णांनी तो हातात घेऊन नेहमीसारखा वाजवून बघितला, मग वशिंडावर अंगठा ठेवला, जिथं त्या आजोबांच्या अंगठ्याचा दाब आहे बरोबर तिथं, आणि विचारलं, "ह्ये कुणी केलंय? कुंभारच हाय न्हवं?" आता तो देवघराशेजारच्या फळीवर आहे, आणि या आषाढात अण्णांनी केलेल्या बैलांपैकी एक मला शिगाराकीला पाठवायचाय, पॅकिंग मीच करणार आहे.